बरोबर उत्तराला भोपळा

आमच्या वर्गात चौरस तिरका केला की त्याचं शंकरपाळं होतं. हा विनोद नाही, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. पुठ्ठ्याचा एक चौरस कापून मी नववीच्या वर्गात नेला होता. फळ्यावर सरळ धरला आणि विचारलं, हे काय? सगळा वर्ग ओरडला, चौरस. तोच पुठ्ठा मी हातातल्या हातात फिरवला, एक कोपरा खाली, एक वर, आणि पुन्हा विचारलं. मग पुढच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "शंकरपाळं." सगळे खदाखदा हसले, पण चौरस म्हणायला कोणी तयार होईना. "बाई, चौरस असा नसतो. तो बसलेला असतो," असं दरवर्षी पहिल्या तिघांत येणाऱ्या एका मुलाने मला समजावून सांगितलं.

त्या मुलाचा काय दोष? पहिलीपासून पुस्तकातला, फळ्यावरचा, गाइडातला एकूण एक चौरस पाटावर मांडी घालून बसल्यासारखा असतो. चार बाजू सारख्या आणि चार कोन काटकोन, ही व्याख्या त्याला घडाघडा पाठ होती. फक्त त्या व्याख्येचा हातातल्या पुठ्ठ्याशी काही संबंध असतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी खिडकीजवळच्या बाकावरून एक मुलगी उठली. वर्षाच्या सुरुवातीलाच नामपूरहून आमच्या शाळेत आलेली. गावाकडचं सगळं आवरून वडील अंबडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनवर लागले होते आणि हे कुटुंब सिडकोत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलं होतं. ती म्हणाली, "बाई, फिरवला म्हणून काय झालं? तो तोच शे ना!"

वर्ग पुन्हा हसला. या वेळी चौरसाला नाही, तिच्या 'शे'ला, 'आहे'च्या जागी आलेल्या गावाकडच्या बोलीला. संपूर्ण वर्गात एकटीने बरोबर उत्तर दिलं होतं आणि हसू तिचंच झालं. ती खाली बसली ती लाल होऊन. मी इतकी चिडले की उरलेला तास सगळ्यांकडून तोच पुठ्ठा फिरवून घेतला, अगदी उलटा, पालथा, तिरका, आणि दर वेळी विचारलं, "आता हा कोण आहे?" शेवटी "तोच आहे, बाई!" असं सगळे कंटाळून ओरडायला लागले तेव्हाच मी थांबले.

मी या शाळेत गणित शिकवते. इतकी वर्षं शिकवते की आता पहिल्या बॅचची पोरं आपल्या पोरांना घेऊन प्रवेशाला येतात. येतात आणि पहिलं वाक्य हमखास बोलतात, "मॅडम, याचं गणित जरा कच्चंच आहे, आमच्याकडे सगळ्यांचंच कच्चं." अगदी कौतुकाने सांगतात, जसं काही घराण्याचं नाकच तसं आहे! गणित कच्चं असतं म्हणजे काय हो? भाकरी कच्ची राहते ती भाजणाऱ्यामुळे, पिठामुळे नाही. हे मी एकदा पालकसभेत बोलले आणि पर्यवेक्षकांनी मला बाजूला घेऊन 'शिक्षकांबद्दल असं जाहीर बोलू नये' अशी समज दिली.

तर ही नामपूरची मुलगी. तिची एक खोड होती. तिला समजलं नाही तर ती पुढे सरकायची नाही. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश, हे मी पाठ करून घेत नाही. प्रत्येकाला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचा एक त्रिकोण कापायला लावते, तिन्ही कोपरे फाडायला लावते आणि टोकाला टोक लावून एका ओळीत मांडायला लावते. मांडले की सरळ रेष तयार होते. मुलं चकित होतात. "माझं पण झालं, तुझं पण झालं!" असा नुसता कल्ला. त्या कल्ल्यात ही माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, आमचं झालं. पण सगळ्यांचं असंच होईल कशावरून? जगातले सगळे त्रिकोण तर काही फाडता येणार नाहीत."

मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. अहो, सिद्धतेची गरज काय ती हीच! सिद्धता कशाला लिहायची हा प्रश्न दहावी पास झालेल्या हजारात एकालाही पडत नाही, त्यांना ती किती गुणांना आहे एवढंच माहीत असतं. या पोरीला तो प्रश्न कागदाचे तुकडे हातात धरून पडला. मी तिथल्या तिथे फळ्यावर शिरोबिंदूतून समांतर रेषा काढली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते प्रमेय सिद्ध केलं. वर्गातल्या अर्ध्यांना तरी ते त्या दिवशी खरोखर कळलं, हे मी छातीठोकपणे सांगते.

तास संपला तेव्हा दारात आमचे ज्येष्ठ सर उभे होते. गणित विभागाचे प्रमुख. दहावीचं गणित वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच असतं आणि शाळेचा गणिताचा निकाल कधी खाली गेलेला नाही, याचं श्रेयही. त्यांनी जमिनीवरचे कागदाचे कपटे पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, पोर्शन कुठवर आलाय?"

सर वाईट माणूस नाहीत. अक्षर सुंदर, वेळ पाळणारे, मुलांना कधी हात न लावणारे. पण त्यांचं गणित म्हणजे घोका आणि ओका. दिवाळीनंतर ते दहावीला 'आयएमपी' देतात, म्हणजे हमखास येणारे प्रश्न. त्यांच्या सिद्धता पाठ. उरलेलं काय करायचं? 'ऑप्शनला टाकायचं.' अख्खे धडे ऑप्शनला टाकतात हो! भाजी निवडताना देठ टाकावेत तसे. एकदा मी त्यांच्या रजेच्या दिवशी दहावीवर गेले आणि पाठ असलेलंच एक प्रमेय त्रिकोणाला एबीसीऐवजी एलएमएन अशी नावं देऊन विचारलं. वर्गाने एकमुखाने सांगितलं, "बाई, हे प्रमेय आम्हाला नाहीये." मी तीन अक्षरं पुसून एबीसी लिहिलं, आणि सगळ्यांच्या माना खाली, वह्यांवर पेन सरसर. हसावं की रडावं ते कळेना. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बोर्ड कशाला अक्षरं बदलतंय?"

वार्षिक परीक्षेचे पेपर आमच्याकडे अदलाबदल करून तपासतात. माझ्या नववीचे पेपर सरांकडे गेले. त्यात एक साधं शाब्दिक उदाहरण होतं. एका स्टँडवर रिक्षा आणि सायकली मिळून वीस वाहनं आहेत आणि सगळ्यांची मिळून बावन्न चाकं, तर रिक्षा किती आणि सायकली किती? पुस्तकाप्रमाणे रिक्षांची संख्या एक्स मानायची, सायकलींची वाय मानायची, दोन समीकरणं लिहायची आणि सोडवायची. आमच्या या बाईसाहेबांनी काय लिहिलं होतं? 'समजा सगळ्या सायकलीच आहेत. मग चाकं चाळीस. पण आहेत बावन्न, म्हणजे बारा जास्त. रिक्षाला सायकलीपेक्षा एकच चाक जास्त असतं. म्हणून रिक्षा बारा, सायकली आठ.' खाली ताळाही करून दाखवला होता.

आणि त्यावर लाल शाईने मोठा भोपळा. शेजारी शेरा: 'रीत नाही.'

मी तो पेपर घेऊन तशीच शिक्षकखोलीत गेले. सर डबा खात होते. मी म्हटलं, "सर, यात चूक काय आहे?"

"एक्स कुठे आहे?" सर म्हणाले.

"पण उत्तर बरोबर आहे. आणि कसं आलं तेही तिने लिहिलंय."

"उत्तर बरोबर यायला काय, अंदाजानेही येतं. समीकरणं मांडा म्हटलंय तर समीकरणं हवीत."

"प्रश्नात कुठे म्हटलंय समीकरणं मांडा? किती ते सांगा म्हटलंय. आणि हा अंदाज नाही, सर. सगळ्या सायकली धरल्या, मग फरक पाहिला. याला विचार म्हणतात."

सरांनी पोळीचा तुकडा भाजीला लावला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, विचाराला मार्क नसतात."

इतर शिक्षक हसले. मला वाटतं, सरांना तो विनोदच वाटत होता. मला मात्र आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं गरम होतात. आता एक्सशी काही माझं वैर नाही. प्रकरण गुंतागुंतीचं झालं की एक्ससारखा सोबती नाही, हे मी मुलांना नेहमी सांगते. पण माणूस दार उघडं असताना कुलपाची किल्ली शोधत बसत नाही. ज्याला किल्लीशिवाय आत जाता आलं त्याला आपण शाबासकी द्यायची, आणि मग एखादं असं दार दाखवायचं जे किल्लीशिवाय उघडतच नाही. तेव्हा ती पोरं स्वतःच किल्ली मागतात. हे एवढं साधं असताना आपण काय करतो, तर उघड्या दारातून आत आलेल्याला बाहेर काढतो.

आणि बाहेर काढतो हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. असे भोपळे तिच्या पेपरात जागोजागी होते आणि त्यांच्यापायी ती गणितात नापास झाली होती. आमच्या शाळेत नववीला गणितात नापास होणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. दहावीचा निकाल शंभर टक्के लागतो असं जे गेटवरच्या फ्लेक्सवर झळकतं ना, त्याची तयारी नववीतच होते. कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावतात, गोड बोलतात आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगतात. म्हणजे शाळा सोडायची आणि दहावीला बाहेरून बसायचं. मूल नापास झालं तरी ते शाळेचं नाही, निकाल शाबूत. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच! शिकवणं सुधारायचं सोडून मुलंच कमी करायची. आणि बाहेरून बसलेल्या मुलीला घरी शिकवणार कोण? वर्षभर धाकट्या भावंडांना सांभाळते, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिच्यासाठी स्थळं यायला लागतात. मी हे होताना पाहिलंय.

तिच्या वडिलांना पर्यवेक्षकांनी बोलावलं होतं. ते पहिली पाळी संपवून, अंगावर कंपनीचाच शर्ट, असे आले आणि ऑफिसातून बाहेर पडल्यावर मला व्हरांड्यात भेटले. म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. पोरगी ढ शे का आमची? साहेब म्हणतात बाहेरून बसवा, तिला झेपणार नाय. मी म्हटलं, मॅडमला विचारतो न् मग सही करतो."

मी म्हटलं, "सही करू नका."

"पण नापास झाली ना?"

"ती नापास झालेली नाही," मी म्हटलं. "तिला नापास केलंय. सही करायची नाही म्हणजे नाही. मी बघते."

मी बघते म्हटलं खरं, आणि तशीच मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये शिरले. ते इतिहासाचे. भला माणूस, पण संस्थेच्या मंडळींपुढे त्यांचं काही चालत नाही. मी पेपर त्यांच्या टेबलावर ठेवला, सरांना बोलवायला लावलं, मुलीलाही बोलवायला लावलं. म्हटलं, तिला इथे तुमच्यासमोर काहीही विचारा. गणित येत नसेल तर मी स्वतः तिच्या वडिलांना फॉर्म भरून देते.

सरांनी विचारलं. दोन संख्यांची बेरीज पन्नास आणि वजाबाकी चौदा, तर त्या संख्या कोणत्या? मुलगी म्हणाली, "मोठीतलं जास्तीचं चौदा बाजूला ठेवलं तर दोन्ही सारख्या होतात. मग उरले छत्तीस. निम्मे अठरा. लहान अठरा, मोठी बत्तीस."

मुख्याध्यापक खुर्चीत पुढे झुकले. "थांब थांब. पुन्हा सांग." तिने पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "अरे, हे मला कळलं! मला शाळेत हे कधीच कळलं नव्हतं." खरं सांगते, त्यांचा चेहरा एखाद्या पोरासारखा झाला होता. मला वाटलं, आम्ही जिंकलो.

सर म्हणाले, "तुम्हाला कळलं, सर. पण पेपर तपासणाऱ्याला कळून उपयोग नाही, त्याला पायऱ्या लागतात. उद्या बोर्डात हिने हेच केलं तर काय? निकालाला जबाबदार कोण, तुम्ही की मॅडम?"

झालं! मुख्याध्यापकांचा चेहरा पुन्हा मुख्याध्यापकांचा झाला. बराच खल झाला. मी आवाज चढवला, तो बाहेर शिपायांपर्यंत गेला असं नंतर कळलं. शेवटी असं ठरलं की तिला फेरपरीक्षेला बसू द्यायचं. पण पुस्तकाच्या रीतीने लिहायचं, पायऱ्यांसकट, एक अक्षर इकडे तिकडे नाही. पास झाली तर दहावीत इथेच राहील.

मुलगी आमच्या तिघांची तोंडं पाहत उभी होती. तिने सरांना विचारलं, "म्हणजे उत्तर मनात काढून झालं की मग एक्स लिहायचा का?"

"हो," सर म्हणाले. "तसं कर. पण एक्स आधी लिहायचा."

मी तिला त्या सुट्टीत घरी बोलावून ते सगळं शिकवलं. तिने चटचट उचललं. फेरपरीक्षेत चांगल्या गुणांनी पास झाली. वडील हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुम्ही होत्या म्हणून." मीही दोन दिवस हवेत होते. सतरा नंबरच्या तोंडातून एक पोर ओढून काढली होती, ही काय लहान गोष्ट?

दहावी माझ्याकडे नव्हती, सरांकडे होती. ती मला जाता-येता व्हरांड्यात दिसायची. सुरुवातीला थांबायची, काहीतरी विचारायची. भागाकारात शून्याने का भागायचं नाही, वर्तुळाला बाजू किती म्हणायच्या, असलं काहीतरी. मग पहिली चाचणी झाली, जादा तास सुरू झाले आणि ती थांबेनाशी झाली. मी एकदा हटकलं तर घाईत म्हणाली, "बाई, सिद्धता म्हणून दाखवायचीय आज." तिचं 'शे' तोवर पार गेलं होतं. शुद्ध बोलायला लागली होती, शुद्ध लिहायला लागली होती. सर शिक्षकखोलीत म्हणायचे, "मॅडम, तुमची ती मुलगी सुधारली बरं का! आता एक पायरी चुकत नाही." ते मनापासून कौतुक करत होते आणि मला ते ऐकवत नव्हतं. पण बोलणार काय? ती पास व्हायला हवी होती. मीच भांडून तिला त्या वर्गात बसवलं होतं.

निकाल लागला. गणितात नव्वदच्या वर. गेटवर फ्लेक्स लागला, त्यात तिचा फोटो, पासपोर्टसाठी काढलेला असतो तसा, घाबरलेला. वडिलांनी अख्ख्या शाळेत पेढे वाटले. संस्थेच्या अध्यक्षांनी सत्कारात सरांना शाल घातली आणि 'गणिताची भीती घालवणारे शिक्षक' असं काहीतरी म्हणाले. मी टाळ्या वाजवल्या. न वाजवून करते काय?

आठवडाभराने वडील तिला घेऊन माझ्या घरी आले. अकरावीच्या प्रवेशाचं होतं. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं ऐकेल ती. मी म्हणतो सायन्स घे, एवढे मार्क पडले, उद्या इंजिनिअर होशील. कॉलेजरोडच्या क्लासवाल्यांचेही फोन येऊन राहिले. तर ही म्हणते आर्ट्स. लय समजावलं, ऐकत नाय."

मी तिला विचारलं, आर्ट्समध्ये काय आवडतं तुला? इतिहास? भाषा? मला खरंच वाटलं, काहीतरी आवडत असेल. आवडीने गेली तर कुठेही जावं माणसाने, त्यात काय?

ती म्हणाली, "तसं काही नाही, बाई. आर्ट्सला गणित नसतं ना?"

"घेतलं तरच असतं," मी म्हटलं. "पण अगं, तुला इतकं चांगलं येतं..."

"ते पाठ केलेलं होतं," ती म्हणाली. "वर्षभर पाठ केलं मी. आता परीक्षा होऊन तीन महिने झाले, काहीच आठवत नाही." मग जराशी पुढे झुकून तिने पुन्हा विचारलं, "नक्की नसतं ना, बाई? सक्तीचं नसतं?"

मी म्हटलं, नाही, सक्तीचं नसतं.

तिने लांब श्वास सोडला आणि वडिलांकडे बघून हसली. निकालाच्या दिवशी हातात पेढ्यांचा पुडा घेऊन आली होती, तेव्हासुद्धा मी तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं.